दुमड

बँकेच्या फॉर्मवर सातवा रकाना :
उद्योगाची दूरदृष्टी, पुढील पाच वर्षे.
खाली दोन ओळी मोकळ्या.
साहेब भला माणूस. म्हणाले,
घरी नेऊन भरा गुंडेटीबाई, घाई नाही.

घरी फ्रिजवर ठेवला.
फ्रिजवरच नळाचा तक्ता चिकटवलाय :
सोमवार, मग शुक्रवारी रात्री, मग कुणास ठाऊक.
पाच दिवसांचं मला पाठ आहे.
कोणती घागर आधी, कोणती टाकी शेवटी,
आणि पाचव्या दिवसासाठी झाकलेली ती एक कळशी
जिला कुणी हात लावायचा नाही.
पाच वर्षांचं मला कुणी विचारलंच नव्हतं.

अम्माचा हिशेब हजारावर संपायचा.
हजार विड्या झाल्या की दिवस झाला,
छाटात गेलेल्या वेगळ्या, त्या रात्रीच्या.
नान्नांचा हिशेब मागाचा.
वीज गेली की दोघं थांबायचे, आली की दोघं चालू.
पुढे काय, म्हणून एकदा विचारलं
तर म्हणाले, आधी पुढचं बीम लागू दे.

मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात
नऊ वर्षं ओव्हरलॉकवर.
गणवेश. निळे पाय, खाकी पाय, हजारो,
कुठल्या कुठल्या गावांचे, हाताखालून गेले.
एकाही पोराचं तोंड पाहिलं नाही.

पाहिलं ते घरातलंच.
जूनमध्ये घेतलेली साईचरणची पँट
नोव्हेंबरात घोट्याच्या वर, पाण्यातून चालून आल्यासारखी.
रात्री खालची शिवण उसवली,
आत कापड बोटभर.
बोटभरच असणार.
आमच्याच टेबलावर ठरलं होतं, नगामागे किती वाचवायचं ते.

उसवलेला दोरा मांडीवर, मी तशीच बसून राहिले
आणि मला दिसलं.
काय दिसलं ते नीट सांगता येत नाही.
चार बोटं दिसली.
चार बोटं कापड, आत दुमडलेलं,
वर दोन कच्च्या टिपा :
एक दिवाळीला सोडायची, दुसरी पुढच्या जूनला.

नव्या पेठेतले हलकुडेशेठ हसले.
बाई, मग पुढच्या जूनला मी काय विकू, तुमची दुमड?
खरंच होतं ते. आठ दिवस उत्तर सुचलं नाही.
अजूनही पुरतं सुचलेलं नाही.
एवढंच केलं, की एका दुपारी
त्यांच्या समोरच्या रसवंतीत बसले, एक ग्लास पुरवून पुरवून,
आणि मोजल्या
पँट पोराच्या कंबरेला लावून, मग घोट्याकडे,
मग त्याच्या डोक्याकडे बघणाऱ्या,
भाव विचारून घडी परत ठेवणाऱ्या बाया.
एकतीस.
शेठच्या वहीत त्या कुठेच नाहीत.

सध्या मशिनं दोन, एक माझं, एक भाड्याचं.
भूलक्ष्मी शिवते, रेश्मा काजं-बटणं करते.
पगार शनिवारी. उशीर एकदाच झाला, मार्चमध्ये,
तेव्हा रेश्मा काही बोलली नाही, फक्त
दाराशी चपला घालायला फार वेळ लावला.
ते मी विसरत नाही.
अम्मा म्हणते, एवढं कापड आत कशाला घालवलालीस गं,
बाहेरून दिसत तर नाही.

आज पहाटे साडेतीनला नळ आला.
कळशी लावली आणि ओल्या हातानंच पेन घेतलं.
लिहिलं : पाच वर्षांनी बावीस मशिनं.
खोडलं. बारा लिहिलं.
पुढे लिहिलं : त्या एकतीस जणींची पोरं
तेव्हा जेवढी उंच असतील तेवढं.
हे बँकेला कळेल का, कोण जाणे.
दुसरी ओळ अर्धी मोकळी राहिली, मी ती भरली नाही.
विचारलंच साहेबांनी
तर सांगेन, ती आत दुमडलेली आहे.

शाई जराशी पसरली होती.
फुंकर घालत होते, तेवढ्यात
कळशी ओसंडल्याचा आवाज आला
आणि मी धावले.